शब्द दिलेल्या गावात

फोन आला तेव्हा मी अटलांटाजवळ अल्फारेटातल्या आमच्या घरी ओट्यापाशी उभी राहून भेंडी पुसत होते. नंबर ओहायोचा होता म्हणून उचलला. पलीकडून एक वयस्कर अमेरिकन बाई माझं नाव अडखळत घेत म्हणाल्या, "मी कॅरल. उज्ज्वलाची शेजारीण. तिच्या फ्रिजवर तुमचा नंबर लावलेला आहे." उज्ज्वला नेहमीसारखी सकाळी त्यांच्या नवऱ्याला, डेलला, डायलिसिसला न्यायला यायची होती आणि आली नाही. दहा मिनिटं झाली तेव्हा डेल म्हणाला, ती उशीर करणारी बाई नाही, जाऊन बघ. कॅरलना डोळ्यांनी नीट दिसत नाही, तरी त्या चाचपडत दोन गल्ल्या चालत गेल्या. गॅरेजच्या पायरीवर उज्ज्वला बसलेली होती, भिंतीला टेकून, अंगात कोट, हातात गाडीची किल्ली... हार्ट, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

उज्ज्वला जगदाळे माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. कराडला इंजिनिअरिंगला मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, त्यामुळे मैत्री करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, असं ती सगळ्यांना सांगायची. मी पुढे इथे येऊन चारचौघांसारखी सॉफ्टवेअरमध्ये शिरले. ती लोखंड सोडायला तयार नव्हती. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामाची गाडी घेऊन जायचे, रात्री कुठल्यातरी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायचे आणि पहाटे तीच गाडी परत आणायचे. "आमच्या अण्णांची पाठ एसटीनं नाही गेली, त्या व्हरांड्यानं गेली," असं ती म्हणायची. गाडी बनवणाऱ्याला गाडी चालवणारा माणूस रात्री कुठे झोपतो हे ठाऊक असायला हवं, हे तिचं मत तेव्हापासूनचं. हॉस्टेलवर आम्ही त्यावरून तिची चेष्टा करत असू.

मास्टर्स झाल्यावर तिला नोकरी मिळाली ती युरोपातल्या एका ट्रक कंपनीत. तिकडे या कंपनीचं मोठं नाव होतं, पण अमेरिकेत त्या कंपनीला कुत्रंही विचारत नव्हतं. इथलं ऑफिस म्हणजे अटलांटाच्या दक्षिणेला फरशांच्या एका गोदामामागे भाड्यानं घेतलेल्या चार खोल्या. मी तिथे एकदा डबा घेऊन गेले होते. फरशी कापायच्या मशिनचा असा आवाज की आम्ही जेवताना खुणेनं बोललो. मागच्या आवारात तिकडून बोटीनं आलेले चपट्या तोंडाचे ट्रक धूळ खात उभे होते. अमेरिकन ड्रायव्हर ते पाहून हसायचे. त्यांना पुढे लांब नाक असलेला ट्रक हवा होता, आणि त्याहून जास्त, मागे झोपायला धड जागा हवी होती. इथला ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे घरी जात नाही. हेड ऑफिसच्या लोकांना ते काही केल्या पटत नव्हतं.

तेव्हा उज्ज्वलानं एक गोष्ट केली. ती एका नवरा-बायकोच्या जोडीबरोबर त्यांच्या ट्रकमधून निघाली. जॉर्जियातून निघून ॲरिझोनापर्यंत, तिथून वर, आणि परत. दोघं आळीपाळीनं चालवायची, आणि ती मागच्या फळीवर अंग चोरून झोपायची. ओला कोट कुठे लटकवायचा, चिखलाचे बूट कुठे ठेवायचे, बाईमाणसानं कपडे कुठे बदलायचे, चालती गाडी वळली की झोपलेला माणूस फळीवरून खाली कसा येतो... ती परत आली तेव्हा कोपर सुजलेलं होतं आणि चेहरा असा की जणू परीक्षेत पहिली आलीय. हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांसमोर तिनं उभं राहून सांगितलं म्हणे, "तुम्ही ट्रकमध्ये बेड ठेवलाय. मी घर मागतेय."

ते मोठे साहेब तेव्हा एवढे मोठे नव्हते. पण त्यांना ही बुटकी, मोठ्यानं बोलणारी बाई आवडली. त्यांनी तिला माणसं दिली, वेळ दिला. नवा ट्रक निघाला, आणि हळूहळू हसणारे लोक थांबून आत डोकावू लागले. मग घेऊ लागले. फरशांच्या गोदामामागचं ऑफिस सुटलं, काचेच्या इमारतीत गेलं. आम्ही मुलांना घेऊन कुठे निघालो आणि हायवेवर तो ट्रक दिसला की माझी मुलगी मागच्या सीटवरून ओरडायची, "आई, लुक, उज्ज्वला मावशीचा ट्रक!" त्या काळात उज्ज्वला खरोखर आनंदात होती. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल ती फारसं बोलली नाही आणि मी खोदून विचारलं नाही. काम होतं, आणि कामाला यश होतं.

नंतर कंपनीनं ओहायोतली एक जुनी अमेरिकन ट्रक कंपनी विकत घेतली. त्या कंपनीचा प्लांट एका लहान गावात होता. गाव म्हणजे तो प्लांटच. आजोबा, बाप, मुलगी, सगळे तिथेच कामाला. दोन कंपन्या एक करायचं काम उज्ज्वलाकडे आलं आणि ती त्या गावात राहायला गेली. मला वाटलं होतं, हिला तिथे चार दिवसही काढवणार नाहीत. पण तिचं जमलं. तिचं नाव कुणाला घेता येईना, म्हणून सगळे तिला 'यूजे' म्हणू लागले. कामगारांच्या युनियनचा अध्यक्ष डेल. उंच, कमी बोलणारा, आधी तिच्याशी भांडभांड भांडला आणि मग तिला घरी जेवायला घेऊन गेला. थँक्सगिव्हिंगला ती दरवर्षी डेल आणि कॅरलच्या टेबलावर असायची. कॅरल तिच्यासाठी मांस न घातलेली वेगळी भाजी करायच्या आणि ती बेचव असते असं उज्ज्वला मला हळूच फोनवर सांगायची. "पण सुमे," ती म्हणायची, "माझ्यासाठी वेगळं भांडं काढतं गं कुणीतरी."

मग धंद्यात मंदी आली. ट्रक विकले जाईनात. गावात कुजबूज सुरू झाली की तिकडचे लोक प्लांट बंद करणार. मोठे साहेब स्वतः ओहायोला आले, प्लांट फिरून पाहिला, आणि जेवताना उज्ज्वलाला म्हणाले, "त्यांना सांग, काळजी करू नका." दुसऱ्या दिवशी तिनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना गोळा केलं. शनिवारची सुट्टी सोडा, काही जुन्या सवलती सोडा, जोडणीच्या लाइनचा वेग वाढवा, एवढं आपण काढलं तर हा प्लांट चालू राहील, असं तिनं सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "कशावरून?" ती म्हणाली, "माझा शब्द आहे." डेल उठला आणि त्यानं आपल्या माणसांना सांगितलं, यूजेचा शब्द असेल तर माझ्याकडून हो. त्यांनी शनिवार दिले. काहींनी त्या शनिवारांत मुलांचे सामने बुडवले, एकाच्या घरी त्यावरून घटस्फोटापर्यंत गोष्ट गेली. हे सगळं मला तिनंच सांगितलं, नंतर, जेव्हा तिला दुसरं काही सांगता येईना तेव्हा.

कारण मंदी सरली, ट्रक पुन्हा खपू लागले, पूर्वीपेक्षा जास्त खपू लागले. आणि कंपनीनं दक्षिणेत, कॅरोलायनात, नवा कोरा प्लांट बांधायला घेतला. उज्ज्वलाला वाटलं, वाढ होतेय, चांगलंच आहे. तिला हेड ऑफिसला बोलावलं. तळ्याकाठी मोठी खोली, भिंतीवर जगाचा नकाशा, जिथे जिथे कंपनीचे कारखाने असणार तिथे दिवे. तिनं ओहायोचा दिवा शोधला. नव्हता. तिला वाटलं राहिला असेल. तिनं साहेबांना विचारलंसुद्धा, "आमचा लावायचा राहिलाय." ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "मला वाटलं, तुला कल्पना असेल."

ही बातमी गावात जाऊन सांगायला कंपनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवणार होती. उज्ज्वला म्हणाली, मीच सांगेन. त्याच कॅन्टीनमध्ये. सांगून झाल्यावर कुणी ओरडलं नाही. ती म्हणायची, ओरडले असते तर बरं झालं असतं. डेल उठला, कॉफीचा कागदी कप चुरगाळून डब्यात टाकला आणि लाइनवर परत गेला, कारण शिफ्ट संपली नव्हती आणि एक ट्रक अर्धा जोडलेला होता. त्याच्या मागोमाग बाकीचे गेले. ती एकटी टेबलांमध्ये उभी राहिली.

आणि त्यानंतर ती कॅरोलायनाला गेली. नव्या प्लांटची प्रमुख म्हणून. ही गोष्ट मला इथे वगळता आली असती. स्मृतिलेखात माणसाचं उणं काढायचं नसतं असं म्हणतात. पण ती गेली हे खरं आहे. मला तिनं तेव्हा कारण दिलं, "मी तिथे असले तर ओहायोच्या काही लोकांना तरी तिकडे घेता येईल." काही लोकांना तिनं खरंच घेतलंही. मग म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू, सुमे. मला ते काम हवं होतं." ती वर्षं कंपनीच्या सर्वांत भरभराटीची. नव्या इलेक्ट्रिक ट्रकशेजारी उभ्या असलेल्या उज्ज्वलाचा फोटो कुठल्याशा मासिकात आला, आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, खाली टाळ्यांची रांग लागली. आमच्याकडे गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाताना एक जण म्हणालाही, "कंपनी ग्रो व्हायची म्हणजे एखादा प्लांट बंद होणारच, यार. त्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं?" उज्ज्वला त्या दिवशी आमच्याकडेच आलेली होती. तिनं हातातला मोदक ताटलीत ठेवला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागे गेले तर म्हणाली, "बरोबरच बोलतोय तो. म्हणून तर आत बसवत नाही."

काही वर्षांनी तिनं नोकरी सोडली, आणि सगळ्यांना वाटलं ती आता ॲरिझोनात चँडलरला जाईल, ऊन खायला, किंवा आमच्याजवळ येईल. ती ओहायोला परत गेली. त्याच गावात, डेलच्या घरापासून दोन गल्ल्यांवर तिनं घर घेतलं. मी चिडूनच तिला भेटायला गेले. प्लांटच्या अर्ध्या भागात कुठल्यातरी ऑनलाइन मालाचं गोदाम झालं होतं, उरलेल्या आवारात फरसबंदीतून गुडघाभर गवत. मेन स्ट्रीटवर नाश्त्याला बसलो तर वाढणाऱ्या बाईनं सगळ्या टेबलांवर गप्पा मारत मारत कॉफी ओतली, आणि आमच्या टेबलाशी आल्यावर तिचं तोंड मिटलं. कॉफी मात्र काठोकाठ ओतली. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "उज्जू, चल माझ्याबरोबर. कशासाठी राहतेस इथे? तिकडे सगळी आपली माणसं आहेत."

"तिकडे मला रागावणारं कोण आहे?" ती म्हणाली.

त्याच दिवशी मी तिला जे कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं. कॅन्टीनमध्ये शब्द दिलास, तेव्हा तुला माहीत होतं का? ती चालता चालता थांबली. "माहीत नव्हतं," म्हणाली. पुढे बरंच चालून गेल्यावर, मी विषय विसरले असेन अशा बेतानं, म्हणाली, "पण मी साहेबांना विचारलंही नाही. 'काळजी करू नका' म्हणजे किती दिवस, कुठपर्यंत, एवढं विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर हवं ते मिळालं होतं."

तिला डेलला एवढंच सांगायचं होतं, की मी खोटं बोलले नव्हते. पण ती दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा शेजारच्या मोठ्या गावात डायलिसिसला जायचं, गाडी चालवायची नाही, कॅरलच्या डोळ्यांना नीट दिसत नाही, मुलं कामासाठी दूर गेलेली. प्लांट असता तर कदाचित जवळ असती. एक दिवस कॅरल उज्ज्वलाच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "त्याला न विचारता आलेय." दुसऱ्या सकाळी उज्ज्वलानं गाडी त्यांच्या दाराशी लावली. डेल पायरीवर आला, गाडीत कोण आहे ते पाहिलं, परत आत गेला. ती थांबली. तो पुन्हा आला आणि मागचं दार उघडून मागे बसला. जाताना एक शब्द नाही, येताना नाही. सुरुवातीच्या दिवसांत तिनं दोनचारदा सुरुवात केली, "डेल, मला माहीत नव्हतं..." तो खिडकीबाहेर बघायचा. मग तिनंही सोडून दिलं. ऋतू बदलले. एकदा तिचा दुपारी फोन आला, आवाजात हॉस्टेलच्या दिवसांतला उत्साह. "सुमे, आज बोलला! हीटर कमी कर म्हणाला." मी हसले.

अंत्यविधीला मी गेले. तिचा भाऊ कराडहून फोनवर होता. त्याला एवढ्या घाईत व्हिसा मिळणं शक्यच नव्हतं. मी फोन हातात धरून उभी होते आणि तो तिकडून रडत रडत सांगत होता, ताईच्या तोंडात पाणी घाला. फार माणसं येणार नाहीत म्हणून खुर्च्या थोड्याच मांडल्या होत्या. माणसं आली, मागे भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्याबद्दल दोन शब्द बोलायला कुणी आहे का, असं तिथल्या माणसानं विचारलं तेव्हा मी एकटीच उठले. कंपनीकडून पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र आलं होतं. ते दाराशीच उभं होतं, कुणी आत आणलं नव्हतं आणि बाहेरही काढलं नव्हतं.

घर आवरायला मी मागे राहिले. दोन दिवसांनी कॅरलचा फोन आला. उद्या डेलला न्यायला कुणी मिळत नाही, तर मी... मी हो म्हटलं. सकाळी उज्ज्वलाचीच गाडी काढली. डेल आता काठीवर चालतो. तो आला आणि मागे बसला. बराच रस्ता आम्ही तसेच गेलो. दोन्ही बाजूंना कापून टाकलेल्या मक्याची शेतं. मला वाटलं, आता मी तरी बोलायलाच हवं, नाहीतर ते कायमचं राहील.

"तुम्हाला ऐकायचं नसेल," मी म्हटलं, "पण तिला खरंच माहीत नव्हतं. तिनं तुम्हाला फसवलं नाही."

"ते मला माहीत आहे," मागून आवाज आला. इतका साधा, की मला वाटलं त्यानं ऐकलंच नाही. "त्याच दिवशी कळलं होतं. ती सांगत होती तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला ना. ज्याला आधीपासून माहीत असतं त्याचा चेहरा तसा नसतो."

"मग?"

आरशात दिसलं, त्यानं काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "ती गेली. आम्ही शेवटचा ट्रक जोडत होतो आणि ती तिकडे नवीन प्लांटची फीत कापायला गेली. राग त्याचा. इथे गाडीत बसून ती मला सांगायची, मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. चुकीच्या गोष्टीची माफी मागत होती. मी म्हटलं, हुशार बाई आहे, कधीतरी तिचं तिला कळेल."

"पण ती परत आली होती," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"हो," डेल म्हणाला. "परत आली." आणि मग, जरा वेळानं, "त्याचं काय करायचं, तेच मला कळत नव्हतं."

त्याला आत सोडलं, मशीन संपेपर्यंत बाहेर बसले, परत आणलं. उतरताना त्यानं दार हळू लावलं. मी त्याच्यावर रागावले होते, अजूनही पुरता राग गेलेला नाही. एवढं एक वाक्य त्या मागच्या सीटवरून पुढे यायला काय हरकत होती, असं राहून राहून मनात येतं. आणि मग असंही येतं, की उज्ज्वलाला तो राग हवाच होता; त्यासाठीच ती तिथे राहिली. हे वाक्य तिला मिळालं असतं तर तिनं काय केलं असतं, मला सांगता येत नाही. दुसऱ्याच दिवशी घराची चावी कुणाच्या तरी हाती दिली असती, की तरीही सकाळी त्याच्या दाराशी गाडी लावली असती...

गाडी गॅरेजमध्ये उभी केली आणि उतरता उतरता माझ्या लक्षात आलं. उज्ज्वला माझ्याहून वीतभर बुटकी. ती सीट अगदी पुढे ओढून, स्टिअरिंगला जवळजवळ छाती टेकवून बसायची. सकाळी घाईत मी ती मागे सरकवली होती, हात सवयीनं खाली गेला होता, विचारही केला नव्हता. मी पुन्हा आत बसले आणि सीट पुढे घेतली. फार पुढे झाली. थोडी मागे घेतली, आरशात पाहिलं, पुन्हा एक खाच पुढे. कितीतरी वेळ मी ते करत बसले. ती नेमकी कुठे बसायची ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.